मुका मार

पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाईक तसं कमीच असतं. अर्ध्या गावात मटण शिजत असतं, उरलेलं अर्धं आदल्या दिवशीच्या पुरणपोळीने आडवं झालेलं असतं. 2019 च्या करीला सकाळी दहाच्या सुमारास गंगाखेडच्या माझ्या मेडिकलमध्ये मी पेपर चाळत बसलो होतो, तेव्हा तात्या आला. तात्या म्हणजे माझा सगळ्यात धाकटा चुलता. वय 39, माझ्यापेक्षा सातच वर्षांनी मोठा. लहानपणी आम्ही एका वाकळेत झोपायचो, त्यामुळे आमच्यात काका-पुतण्याचा अहो-जाहो कधी आलाच नाही.

"एक ट्यूब दे अन् दुखायची गोळी. छातीला जरा मुका मार लागलाय."

"कामून? काय झालं?"

"काई नाई रे. ओट्यावरून घसरलो."

पुढं मी काय केलं ते नीट लिहितो. मागे वळलो, डायक्लोफेनॅकच्या जेलची ट्यूब काढली, त्याच औषधाच्या सहा गोळ्या कात्रीने कापून दिल्या आणि वर एक पित्ताची गोळी. चिठ्ठी मागितली नाही. शर्टाची बटणं काढ, बघू दे, असं म्हणालो नाही. दम लागतोय का, घाम येतोय का, काही विचारलं नाही. "शेक घे" म्हणालो आणि "तंबाखू कमी कर" म्हणालो, जे मी त्याला दर भेटीत म्हणतो आणि तो दर भेटीत हसतो. पैसे घेतले नाहीत. त्या दिवशीची माझी माया एवढीच.

तो मोटारसायकलला किक मारून गेला. किक मारताना त्याने एकदा छातीला हात लावला, हे मला नंतर आठवलं. की नंतर मीच ते जोडलं, कोण जाणे.

आपल्याकडं अंगाला लागलं की त्याची जात आधी ठरवतात. खरचटलं, ठेचाळलं, खोक पडली, लचक भरली, उसण भरली, चमक निघाली. रक्त निघालं की घर गोळा होतं, कुणी हळद दाबतं, कुणी गाडी काढतं. रक्त नाही निघालं तर तो मुका मार. मुक्या माराला आंबेहळदीचा लेप, कापडात गुंडाळलेल्या गरम विटेचा शेक, रात्री हळद घातलेलं दूध. 'रक्त साकळलंय, उतरेल' असं म्हणून म्हातारी माणसं विषय मिटवतात आणि शंभरातल्या बहुतेक वेळा त्यांचंच खरं ठरतं. चार दिवसांत निळ्याचं हिरवं होतं, हिरव्याचं पिवळं होतं आणि माणूस परत औतामागं जातो. म्हणूनच तर या शब्दावर कुणी थांबत नाही. मीही रोज दोन-तीन वेळा तो काउंटरवर ऐकतो. फार्मसीच्या पदविकेला औषधांची नावं पाठ करून घेतली, पण हा शब्द नीट ऐकायला कुणी शिकवलं नाही.

खरं काय झालं होतं ते त्याच रात्री कळलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळण असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' तात्या हे फार मनापासून करतो. त्याच्याकडं लाल कंधारीची जोडी होती, त्यातला पाखऱ्या त्याचा जीव. अंगानं बांधेसूद, गर्द तांबडा, पण डोक्यानं तिरसट. दोनदा सालगड्याच्या अंगावर गेलेला. माझे वडील तात्याला म्हणायचे, बैल मारका आहे, काढून टाक. पण मारका बैल काढायचा कुठं? 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून बाजारात अशा जनावराकडं कुणी ढुंकून बघत नाही. आणि मुळात तात्याला तो काढायचाच नव्हता.

पोळ्याच्या संध्याकाळी बैल मारुतीच्या पारावर नेले. शिंगांना हिंगूळ लावलेला, बेगड चिकटवलेली, टोकांना पितळी शेंब्या, अंगावर झूल. हलगी चालू होती. कुण्या पोरानं सुतळी बॉम्ब लावला, पाखऱ्या बिथरला आणि कासरा आवरायला पुढं झालेल्या तात्याच्या छातीत त्याने मान झटकून शिंग हाणलं. हाडाच्या किंचित डावीकडं. तात्या दोन पावलं मागं गेला, खाली बसला, उठला आणि हसला. त्या गोंधळात हे फक्त त्याच्या नऊ वर्षांच्या पोरानं पाहिलं. त्याला तात्यानं बैलाची शपथ घातली.

त्या शेंबीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. शिंगाचं टोक उघडं असतं तर भोक पडलं असतं. रक्त आलं असतं, बायकांनी आरडाओरडा केला असता, अर्ध्या तासात त्याला तालुक्याला आणला असता. सणासाठी चढवलेल्या चिमूटभर पितळेनं ते टोक बोथट केलं आणि जखम आत गेली. मुक्या जनावरानं दिलेला मुका मार. तो सोसणारा तात्याही मुकाच बसला.

करीच्या रात्री तीन वाजता काकूचा फोन आला. तात्याला दरदरून घाम, दोन उलट्या, छातीवर कुणीतरी जातं ठेवलंय असं म्हणतोय. मी म्हणालो, गोळ्यांनी पित्त झालं असेल. खरंच म्हणालो. दोन मिनिटांनी मीच उलटा फोन केला आणि गाडी काढायला सांगितली.

तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला एक कोवळा डॉक्टर होता, मिसरूड नुकतंच फुटल्यासारखा. ईसीजी काढला. कागदावरची रेघ मलाही कळण्याइतकी वर उचललेली होती. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक. अशा वेळी जिथं अँजिओप्लास्टीची सोय नाही, तिथं रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि ते जितकं लवकर तितकं बरं. डॉक्टरनं ते काढायला सांगितलं आणि देण्याआधीचे ठरलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. पूर्वी लकवा? नाई. अल्सर, रक्ताची उलटी? नाई. एवढ्यात ऑपरेशन? नाई. एवढ्यात कुठं मोठा मार लागला होता का?

"नाई," तात्या म्हणाला.

मी तिथंच उभा होतो. सतरा-अठरा तासांपूर्वी ट्यूब मीच दिली होती. तरी तोंडातून शब्द फुटायला मला जो वेळ लागला तो लाजिरवाणा होता. मार आणि अटॅक या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगवेगळ्या कपाटांत होत्या. शेवटी म्हणालो, "साहेब, छातीला मुका मार आहे. परवाचा. ओट्यावरून पडलेत."

डॉक्टरनं शर्ट पूर्ण उघडला. ईसीजी काढणाऱ्यानं रबरी फुगे लावताना ते पाहिलं असणारच, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. हाडाच्या डाव्या काठाला रुपयाच्या नाण्याएवढा, कंपासनं काढल्यासारखा गोल, काळानिळा वण होता.

"ओट्याला असं टोक असतं?" डॉक्टरनं विचारलं.

तात्यानं डोळे मिटून घेतले. म्हणाला, "पाखऱ्याला कुणी काई म्हणू नका."

ते इंजेक्शन परत ठेवलं गेलं. मला तेव्हा कळलं नाही, अटॅक आलेल्याला अटॅकचं औषध का देत नाहीत म्हणून मी हुज्जतही घातली. गुठळी विरघळवणारं औषध फक्त हृदयातली गुठळी शोधत बसत नाही, ते सगळ्या अंगाचं रक्त न गोठणारं करतं. मार लागून छातीत आत कुठं, फुप्फुसाशी किंवा हृदयाच्या पिशवीत, रक्त झिरपत असेल तर ते थांबायचंच नाही. अटॅकमधून वाचवता वाचवता माणूस रक्तस्रावानं जायचा. त्या पोरानं नांदेडला फोन लावला, सगळं इंग्रजीत भराभरा सांगितलं, त्यात 'बुल' हा एकच शब्द मला नीट कळला. पहाटे आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये होतो. रस्त्याचं वर्णन करत नाही. मराठवाड्यातल्या वाचकाला गरज नाही आणि बाहेरच्याला खरं वाटणार नाही.

नांदेडला आधी इको केला. हृदयाभोवती रक्त साचलेलं नव्हतं. मग मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या अंगावरून खाली उतरणारी जी डावी धमनी, जिला डॉक्टर मंडळी एलएडी म्हणतात, ती वरच्या भागातच बंद होती. बाकीच्या दोन्ही धमन्या स्वच्छ. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानानं तर लाज वाटावी इतक्या स्वच्छ, असं तिथले हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले. त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. धमनीचं आतलं अस्तर फाटलं होतं, फाटलेल्या जागी रक्त शिरून अस्तराचा पापुद्रा आत लोंबत होता आणि त्याच्यावर गुठळी धरली होती.

मला वाकळ आठवली. आमची आजी जुन्या लुगड्यांचे थर लावून वाकळ शिवायची. वरून धड दिसणाऱ्या वाकळेचा आतला थर कधी कधी उसवलेला असायचा आणि झोपेत पाय त्यात अडकायचा. पाय काढायला जावं तसं ते आणखी उसवत जायचं. धमनीचंही तसंच. बाहेरून अखंड. आत अस्तराला एक चीर. रक्ताचा प्रत्येक ठोका त्या चिरेत शिरतो, ती वाढवतो आणि चिरेवर शरीर आपल्या परीनं लिंपण घालायला जातं. ते लिंपण म्हणजे गुठळी. म्हणून हे मार बसताक्षणी होतंच असं नाही. कधी मिनिटांत होतं, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी. तात्याला साधारण दीड दिवस लागला. त्या दीड दिवसाच्या बरोबर मध्ये कुठंतरी माझं दुकान येतं.

हीच धमनी का, हेही मी विचारलं. कारण सोपं निघालं. हृदय छातीच्या हाडामागं असतं, मागं पाठीचा कणा. समोरून मार बसला की दोन हाडांच्या मध्ये ते चेपतं, आणि ही धमनी नेमकी पुढच्या अंगावर, हाडाच्या लगत. छातीच्या मारानं धमनी फाटलेल्या रुग्णांत सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते, तिच्या खालोखाल उजवी. बैल दुर्मीळ, बाकी कारणं रोजची आहेत. मोटारसायकलचं हँडल, जीपचं स्टिअरिंग, उंचावरून पडणं, गाई-घोड्याची लाथ, खेळातला धक्का. कधी अस्तर फाटतं, कधी आधीपासून साचलेला चरबीचा थर माराने फुटतो आणि त्याच्यावर गुठळी होते, कधी धमनी नुसतीच आकसते. आणि कधी धमनीला काहीच होत नाही, हृदयाचा स्नायूच ठेचकाळतो. त्यातही उजवा कप्पा जास्त, कारण तो सगळ्यात पुढं.

घाबरवायला लिहीत नाही. छातीला मार लागलेल्यांत धमनी फाटणारे फारच थोडे. पण त्या थोड्यांना ओळखायचं कसं हा सगळा घोळ आहे, कारण बरगडीही तिथंच दुखते आणि हृदयही तिथंच. दाबलं की, खोकलं की, कूस बदलली की दुखतं ते बहुधा बरगडीचं. दाबल्यासारखं, भरून आल्यासारखं, खांद्यात, हातात, जबड्यात जाणारं, सोबत घाम आणि मळमळ असलेलं ते हृदयाचं. हे कुठल्याही पत्रकात छापलेलं असतं. तात्याला दोन्ही दुखणी एकदम होती आणि एका दुखण्याच्या आड दुसरं लपलं. त्यावर उपाय साधा आहे. छातीला जोराचा मार लागला की ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन. दोन्ही नॉर्मल आले तर हृदयाला मोठी दुखापत नाही असं डॉक्टर बऱ्याच भरवशानं सांगू शकतात. पूर्ण भरवसा नाही, कारण काहींचं उशिरा उमटतं. म्हणून घरी सोडतानाही 'असं असं झालं तर परत या' हे बजावून सोडायचं.

पुढं 2023 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या फुटबॉलपटूचा तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. डामार हॅमलिन. 2 तारखेच्या सामन्यात छातीला धक्का लागला, उठून उभा राहिला आणि धाडकन मागं पडला. माझ्या एका मित्रानं तो पाठवून खाली लिहिलं, 'तुझ्या तात्यासारखं.' तसं नाही ते. तात्याची पाइपलाइन तुंबली होती, हॅमलिनची मोटार ट्रिप झाली. धमनीला काही न होता, नेमक्या क्षणी बसलेल्या माराने हृदयाची विजेची लय विस्कटते आणि ते नुसतं थरथरत राहतं. 1998 साली मार्क लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की तो क्षण प्रत्येक ठोक्यात सेकंदाच्या जेमतेम दीड शतांशाएवढा असतो. त्या फटीत मार सापडला तर हृदय थांबतं, अलीकडं-पलीकडं बसला तर माणूस शिवी देऊन पुढं चालू लागतो. तिथं ईसीजीला नेण्याइतका वेळ नसतो. छाती दाबायची आणि शॉक द्यायचा. हॅमलिन वाचला कारण मैदानावरच त्याची छाती दाबणारी माणसं होती. आमच्या गावच्या मैदानावर पोरं सीझन बॉलनं बिनपॅडचं खेळतात. छाती दाबता येणारं तिथं कोण आहे, हे मी मोजून पाहिलं. मी धरून दोन.

तात्याला एक स्टेंट बसला. योजनेतून झालं, पैसे भरावे लागले नाहीत. त्याचं रेशनकार्ड पांढरं. पण मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना तेव्हा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पांढऱ्या कार्डावरही घ्यायचे, सातबारा दाखवला की. ज्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा, त्याच सातबाऱ्यावर स्टेंट. तात्याला या गोष्टीचं अजून हसू येतं.

मला हसू येत नाही ते दुसऱ्या कागदाचं. तात्या त्या रात्री घरीच दगावला असता तर काय झालं असतं? 'रात्री झोपेत अटॅकनं गेला, अवघा 39 वर्षांचा.' गावानं हळहळ केली असती, तंबाखूला शिव्या दिल्या असत्या. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना सरकारकडून 2 लाख मिळायची सोय आहे, पण अटॅक म्हणजे अपघात नाही, नैसर्गिक मृत्यू. पोस्टमॉर्टेमचा विषय निघाला नसता. काकूच्या हाती काही पडलं नसतं आणि पाखऱ्याचं नावही कुठं आलं नसतं. आपल्याकडं तिशी-चाळिशीतले जे असे 'बसल्या बसल्या गेले', त्यांतल्या कितींनी आदल्या आठवड्यात छातीला कुठंतरी मार खाल्ला होता, हे आता कुणाला विचारायचं? नांदेडच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या पुढं 'छातीवरील बोथट माराच्या नंतर' एवढं आवर्जून लिहिलं. मी त्यांचे आभार मानले, तर ते म्हणाले, माझे कशाला, तालुक्यातल्या त्या पोराचे माना, त्यानं शर्ट उघडला.

मी मानले. तो तोवर बदली होऊन गेला होता, फोनवर मानले. त्याला पेशंट आठवेना. मग म्हणाला, "हां, शेंबीवाले काका!" अटॅक विसरला होता, वण लक्षात होता.

तात्याच्या हृदयाची पुढची भिंत थोडी अधू झाली ती झालीच. पंपिंग 40 टक्क्यांच्या आसपास राहिलं. नांगर हाणणं बंद. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या रोज, आणि त्यांची एक गंमत आहे. जरा कुठं कोपर आपटलं, कासरा हाताला घासला, की कातडीखाली निळं-जांभळं फुलतं. विळ्यानं बोट कापलं तर पाच मिनिटं दाबून धरावं लागतं. आयुष्यभर अंगावर काही न दाखवणारा माणूस, आता चिमटा काढला तरी त्याचा वण आठवडाभर मिरवतो. काकू रोज रात्री त्याचे हात उलटेपालटे करून बघते आणि एकेक डाग मोजून जाब विचारते. तो म्हणतो, आता चोरून मारसुद्धा खाता येईना.

पुढच्या वर्षीचा पोळा कोरोनातला. मिरवणूक नाही, हलगी नाही, पारावर जायला बंदी. ज्यानं त्यानं आपल्या दारात पूजा करायची. मी गावी गेलो. पाखऱ्या तिथंच होता. वडिलांनी विकायचा विषय दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा तात्या जेवणावरून उठून गेला होता. खांदेमळण पोरानं केली, तात्या बाजूला खुर्चीवर बसून सांगत होता, इथं चोळ, जुवाच्या वणावर चोळ. दुसऱ्या दिवशी हिंगूळ लावला, झूल घातली. शेंब्यांची डबी मात्र कुणी उघडली नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. काकूनं नैवेद्य पुढं धरला, तेव्हा तात्या उठला आणि अगदी समोर जाऊन उभा राहिला. माझ्या पोटात गोळा आला. पाखऱ्यानं पुरणपोळी खाल्ली आणि त्याच्या बंडीला नाक पुसलं.

गेल्या आठवड्यात दुकानात एक पंचविशीतला पोरगा आला. उसाच्या ट्रॅक्टरवर असतो. ब्रेक दाबला तेव्हा स्टिअरिंग छातीत बसलं, जेल द्या म्हणाला. मी म्हणालो, बटणं काढ. कधी लागलं? घाम आला का? चालताना दम भरतो का? हात जड वाटतो का? मग म्हणालो, आधी समोरच्या दवाखान्यात ईसीजी काढून ये, ट्यूब पळून जात नाही.

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "मेडिकल हाय का पोलीस चौकी?" म्हणाला, आणि पलीकडच्या मेडिकलमध्ये गेला. तिथल्या पोऱ्यानं मागं वळून फळीवरची ट्यूब काढलेली मला इथून दिसली. मी काउंटरची फळी उचलून रस्ता ओलांडला.